निळ्या टोपीच्या मागे

घरात तिला सगळे पळपुटी म्हणत. हे नाव धाकट्या दिराने ठेवलेलं. आठ वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा पहाटे बूट घालून बाहेर पडली तेव्हा तो चार दिवस राहायला आला होता. "वहिनी, एवढं कुणाला घाबरून पळता?" असं त्याने विचारलं आणि जाताना नाव मागे ठेवून गेला. सासूबाईंनी ते उचललं, नवऱ्याने चेष्टेत वापरलं आणि बघता बघता कामावरच्या बायकाही तिला पळपुटीच म्हणायला लागल्या. तिला राग यायचा नाही. बेचाळीस किलोमीटर न थांबता पळणाऱ्या बाईला पळपुटी म्हणण्यातली गंमत तिलाही कळत होती.

वय पंचेचाळीस. नोकरी एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात. वरच्या मजल्यावर डॉक्टर ऑपरेशनं करायचे आणि वापरलेले चिमटे, कात्र्या, हाडं कापायच्या करवती ट्रॉलीतून खाली तिच्याकडे यायच्या. त्या धुवायच्या, वाळवायच्या, एकेक चिमटा उघडून त्याच्या सांध्यात काही अडकलेलं नाही ना ते भिंगाखाली बघायचं, यादीप्रमाणे ट्रे लावायचा, दुहेरी कापडात बांधून वर पट्टी चिकटवायची आणि वाफेच्या यंत्रात सारायचा. यंत्रातून बाहेर आल्यावर पट्टीवरच्या फिक्या रेघा काळ्या झालेल्या असल्या पाहिजेत. नसल्या, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. आठ तास उभ्याने. त्याआधी पहाटे साडेचारला उठून पळणं, सातला घरी, आंघोळ, स्वयंपाक, सासूबाईंच्या गुडघ्यांना तेल, आणि मग धावतपळत आठची ड्यूटी. हे धावतपळत मात्र कुठल्याच हिशेबात धरलं जात नसे.

ती काही ऑलिंपिकला जाणार नव्हती, हे तिला ठाऊक होतं. पण शहरातल्या वार्षिक मॅरेथॉनमध्ये चाळीस ते पन्नास वयाच्या बायकांचा एक गट असायचा, आणि त्यातल्या पहिल्या तिघींना मंचावर बोलवायचे. ती दोनदा तिसरी आली होती, तीनदा दुसरी. पहिली कधीच नाही. पहिली दर वर्षी निळी टोपी यायची.

निळी टोपी म्हणजे एक उंच, हाडकुळी बाई. उन्हाने विटलेली निळी टोपी घालून पळायची, कधी मागे वळून बघायची नाही. इतक्या वर्षांत दोघी एक शब्द बोलल्या नव्हत्या. मंचावर पाचदा हात मिळवले होते, पण हातात हात आणि नजर फोटोवाल्याकडे. गेल्या वर्षी निळी टोपी तीन तास एकतीस मिनिटांत आली आणि पळपुटी तीन तास तेहतीस. दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांचा तिने वर्षभर ध्यास घेतला. चिमटे मोजताना, तेल चोळताना, नवरा काही सांगत असताना 'हं हं' म्हणताना, तिच्या डोळ्यांसमोर ती निळी टोपी हलत असायची.

सोळा आठवड्यांचं वेळापत्रक तिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. दहाव्या आठवड्यात उजव्या जांघेत दुखायला लागलं. स्नायू ओढला गेल्यासारखं नव्हे. आत, खोलवर, बोटाने दाखवता येणार नाही अशा जागी. पळायला लागलं की अर्ध्या तासाने सुरू व्हायचं आणि थांबलं की जायचं. मग ते लवकर सुरू व्हायला लागलं आणि उशिरा जायला लागलं. चौदाव्या आठवड्यात ट्रॉली ढकलतानाही जाणवायला लागलं.

"लंगडतेस का गं?" नवऱ्याने एकदा विचारलं.

"छे. बूट नवीन आहेत."

बूट दोन महिन्यांचे होते. एक्स-रेची खोली तिच्या तळघराच्या बरोबर डोक्यावर होती, जिना चढला की डावीकडे. तिथली बाई ओळखीची होती, एका शब्दावर फोटो काढून दिला असता. ती गेली नाही. गेली असती तर कळलं असतं, आणि कळून घ्यायचं नव्हतं. दुखण्यावरच्या गोळ्या ती पर्समध्ये ठेवायची आणि घरात कुणाला ताकास तूर लागू देत नव्हती.

शर्यतीच्या दिवशी हवा चांगली गार होती. सुरुवातीच्या गर्दीत निळी टोपी कुठे दिसली नाही. पाचव्या किलोमीटरला मात्र पुढे, शंभरएक डोक्यांच्या पलीकडे, एक निळा ठिपका दिसला, आणि तिचे पाय आपोआप भराभर पडायला लागले. ठिपका कधी दिसायचा, कधी गर्दीत बुडायचा. एकविसाव्या किलोमीटरला तो एका वळणामागे गेला तो गेलाच. ती पुढे निघून गेली, पळपुटीने स्वतःला सांगितलं. अजून अर्धी शर्यत आहे. धरू.

जांघ आता प्रत्येक पावलाला बोलत होती. तिने पावलं आखूड केली. मग दुखऱ्या पायावर कमी, बऱ्या पायावर जास्त, असं तिरकं पळायला लागली. एका पाण्याच्या टेबलापाशी तिने चौथी गोळी घेतली. घड्याळ सांगत होतं की गेल्या वर्षीपेक्षा ती चाळीस सेकंद पुढे आहे. म्हणजे निळी टोपी अगदी समोरच असणार. त्या पुलाच्या पलीकडे.

एकतिसाव्या किलोमीटरला पुलाचा चढ लागला. तिने उजवा पाय उचलला आणि तो उचललाच गेला नाही. दुखलं म्हणून थांबली असं झालं नाही. पायाने नुसता नकार दिला. तिने कठड्याला दोन्ही हातांनी धरलं. तिच्या बाजूने माणसं पळत गेली, कुणी "चला, चला, थोडंच राहिलं" म्हणालं, आणि तिला पहिल्यांदा वाटलं की हे चांगलं बोलणाऱ्या माणसाला एक लगावून द्यावी.

मागून एक बस येत होती. शर्यत सोडलेल्यांना गोळा करत येणारी. पळणारे तिला उचलगाडी म्हणायचे आणि तिच्याकडे बघायचंही टाळायचे. बिल्ला लावलेल्या दोन मुलींनी पळपुटीला बगलेत धरून चढवलं. आत घामाचा आणि केळ्यांच्या सालींचा वास होता. दहा-बारा माणसं आपापल्या खिडकीतून बाहेर बघत बसली होती. ती कशीबशी मागच्या बाकापर्यंत गेली आणि तिथे निळी टोपी बसलेली होती. बूट काढलेला, डावी टाच बर्फाच्या पिशवीवर, टोपी मांडीवर.

"तुम्ही?" पळपुटी म्हणाली.

"टाच गेली," निळी टोपी म्हणाली. "अठराव्यालाच. तासभर फिरतेय या गाडीतून."

"अठराव्याला? पण मी तर... मी आत्ता पुलापर्यंत तुमच्या मागे होते."

निळी टोपी तिच्याकडे बघत राहिली. "माझ्या मागे?"

"टोपी दिसत होती."

"पाचव्या-सहाव्याच्या आसपास एक म्हातारा होता बघा. निळ्या टोपीवाला. मलाही दिसला. मस्त पळत होता."

पळपुटी बाकावर बसली. बसताना जांघेतून असं काही सणकलं की डोळ्यांपुढे अंधारी आली. पहिल्यापासून समोर ही बाई नव्हतीच. ज्या पायावर ती गेले सव्वीस किलोमीटर जुलूम करत होती, तो एका अनोळखी म्हाताऱ्यासाठी. तिला हसायचं होतं, पण तेवढंही त्राण नव्हतं. निळ्या टोपीने बर्फाची पिशवी उचलून तिच्या हातात दिली.

हाडांच्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी फोटो दिव्यावर लावला. ते तिला चेहऱ्याने ओळखत होते.

"खुब्याला, हाडाच्या मानेला चीर गेलीय," ते म्हणाले. "किती दिवस दुखत होतं?"

"पाच-सहा आठवडे."

"आणि त्यावर एकतीस किलोमीटर." त्यांनी चष्मा काढला. "चीर आतल्या बाजूला आहे, म्हणून वाचलात. बाहेरच्या बाजूला असती तर आज टेबलावर घेऊन तीन स्क्रू घालावे लागले असते. तुम्हीच बांधता ना ते ट्रे?"

तीच बांधायची. लांब, पोकळ, लांबीप्रमाणे रांगेत लावलेले स्क्रू. त्यातला एकेक तिने शेकडो वेळा मोजला होता. कुणाच्या अंगात जातात याचा विचार तिने आजवर केला नव्हता.

आठ आठवडे कुबड्या. उजव्या पायावर भार नाही. पळणं तर सोडाच.

नवऱ्याने तिला घरी आणलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचं काम करायचा, आणि एरवी दिवसभर कुठे कोण अडकलं होतं याच्या गमती सांगायचा. त्या दिवशी त्याने तिला खुर्चीवर बसवलं, पाय उशीवर ठेवला आणि समोर स्टुलावर बसला.

"लिफ्ट एका दिवसात बंद पडत नाही," तो म्हणाला. "आधी महिनाभर आवाज करते. इमारतीतली सगळी माणसं तो आवाज ऐकतात. रोज ऐकतात. आणि अडकेपर्यंत कुणी फोन करत नाही."

"मला माहितेय काय म्हणायचंय ते."

"नाही, ऐकून घे. तू पळतेस त्याला माझी कधी ना नव्हती. आठ वर्षं पहाटे दार उघडल्याचा आवाज आला की मी कूस बदलून झोपतो, मला बरं वाटतं त्याचं. पण मी विचारलं आणि तू म्हणालीस बूट नवीन आहेत." त्याने हात चोळले. "माझ्याशी खोटं बोलायची काय गरज होती? मी काय, तुझा स्पर्धक आहे?"

तिला चूक झाली म्हणायचं होतं, पण तोंडून निघालं ते, "मला झोप येतेय." तो उठला आणि भात लावायला गेला.

ते आठ आठवडे कसे गेले ते तिचं तिला माहीत. इस्पितळात इन्चार्ज सिस्टरने तिला बसून करायचं काम दिलं, गॉजच्या घड्या घालायचं. दिवसाला हजार घड्या. घरात सासूबाई वॉकर घेऊन आणि ती कुबड्या घेऊन, दोघी एकाच वेळी बोळकांडीत आल्या की कुणीतरी मागे सरायला लागायचं.

"दोन लंगड्या आणि एक संडास," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या मुलाने कुठलं पाप केलं होतं कोण जाणे."

पण जिना उतरायला तिला त्यांनीच शिकवलं. दारात वॉकर धरून उभ्या राहिल्या आणि वरून हुकूम सोडत होत्या. "अगं, चढताना चांगला पाय आधी. उतरताना दुखरा आधी. उलटं केलंस तर तोंडावर पडशील. मी पडलेय, मला विचार." ती एक मजला उतरून पुन्हा चढून आली तेव्हा दमून पायरीवरच बसली. सासूबाई म्हणाल्या, "मी सकाळी खिडकीत असते, तुला ठाऊक नाही. तू कोपऱ्यापर्यंत दिसतेस. मग वळतेस."

"आई, तुम्ही इतक्या लवकर उठता?"

"गुडघे झोपू देतात का? बघायचे आपली. तेवढीच करमणूक." त्या वॉकर वळवून आत गेल्या.

नवव्या आठवड्यात निळ्या टोपीचा फोन आला. उचलगाडीतून उतरताना तिने नंबर घेतला होता, पण ती तो लावेल असं पळपुटीला वाटलं नव्हतं. नगरपालिकेच्या तलावावर कमरेला फुगीर पट्टा बांधून खोल पाण्यात पळता येतं, असं तिचं म्हणणं होतं. पाय तळाला टेकत नाही, हाडावर भार येत नाही. तिच्या फिजिओथेरपिस्टने परवानगीही दिली आहे. "एकटीला फार कंटाळा येतो. येता का?"

पाण्यात पळणं हा प्रकार बाहेरून बघणाऱ्याला हास्यास्पद वाटेल असाच होता. दोन मध्यमवयीन बाया गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या, हातपाय जिवाच्या आकांताने मारतायत, आणि जागच्या हलत नाहीत. शेजारून पोहणारी लहान मुलं तीन-तीन वेळा जाऊन यायची. पण चाळीस मिनिटांत जीव मेटाकुटीला यायचा, आणि तेच हवं होतं. आठवड्यातून तीन दिवस, ड्यूटी सुटल्यावर.

निळी टोपी ड्रायव्हिंग शिकवायची. दिवसभर दुसऱ्या बाजूच्या सीटवर बसून लोकांच्या चुकांवर ब्रेक मारायचा. तिच्या टाचेच्या शिरेला गाठ आली होती आणि ती आता पुरती जाणार नव्हती. नवरा कधीच सोडून गेलेला. मुलगा दूरच्या शहरात. पळायला लागली ती आई गेल्यानंतर, घरात बसवेना म्हणून. हे सगळं तिने पाण्यात, धापा टाकत, तुटक तुटक सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात कधीतरी दोघी तुम्हीवरून तूवर आल्या. कुठल्या वाक्याला ते दोघींच्याही लक्षात आलं नाही.

"तुला मी घड्याळवाली म्हणायचे," निळी टोपी एकदा म्हणाली. "सारखी मनगट बघतेस. पळताना मला मागून तुझी पावलं ऐकू यायची. उजवं जरा जड पडतं तुझं."

"तू मागे कधी बघायची नाहीस."

"बघितलं असतं तर मेले असते. पाच वर्षं मी पहिली आले ते निव्वळ तुझ्या भीतीने."

"आणि मी दुसरी आले ते तुझ्या रागाने."

त्यावर दोघी हसल्या आणि पाणी नाकात गेलं. पण घरी परत जाताना बसमध्ये पळपुटीला त्या वाक्याचा शीण आला. पाच वर्षं. पहाटेच्या किती झोपा, किती रविवार. एकीने भ्यायचं, दुसरीने रागवायचं, आणि दोघींनी एकमेकींना नावही विचारलेलं नाही.

शर्यतीनंतरच्या सोळाव्या आठवड्यात इस्पितळातल्या फिजिओने तिला पळायला सांगितलं. एक मिनिट पळ, दोन मिनिटं चाल, असं आठ वेळा. फिजिओ तरुण मुलगी होती, बोलायला फटकळ. "हाड झिजलं कारण तुम्ही पळण्यापुरतं खात नाही," तिने आधीच ठणकावलं होतं. "पंचेचाळीस वय आहे तुमचं. पंचवीस नाही. दुखलं की मला फोन. गोळी नाही. फोन." पहिलं एक मिनिट पळून झाल्यावर पळपुटीला धाप लागली. आठ वर्षं पळलेल्या बाईला एका मिनिटात. ती रस्त्याच्या कडेला कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि पुढची दोन मिनिटं चालली, मग पुन्हा एक मिनिट.

एकाचे दोन झाले, दोनाचे पाच. दोन महिन्यांनी ती सलग दहा किलोमीटर पळाली, सावकाश. तिसऱ्या महिन्यात, एका साध्या सकाळी, काहीही वेगळं न करता, तिच्या पोटरीत कुणीतरी गोटी मारल्यासारखं झालं. मागे वळून बघितलं तर कुणी नव्हतं. स्नायू फाटला होता. पुन्हा पाच आठवडे.

या वेळी तिने घरी येऊन दारातच नवऱ्याला सांगितलं. "पोटरी गेली."

"कधी?"

"आत्ता. वीस मिनिटं झाली."

त्याने मान हलवली आणि बर्फ आणायला गेला. तिला वाटलं होतं आपल्याला रडू येईल. आलं नाही. नुसता कंटाळा आला, हाडांत मुरलेला. पुन्हा पाणी, पुन्हा एक मिनिट, पुन्हा दोन. आपण हे का करतोय, असा प्रश्न तिने स्वतःला विचारला. बर्फ लावून झाल्यावर ती कामाला गेली. काही दिवस तिने पळण्याचा विचारच केला नाही. चिमटे मोजले, ट्रे बांधले, घरी येऊन झोपली. बरंही वाटत होतं. मग एका संध्याकाळी निळी टोपी तलावावरून फोन करून म्हणाली, "पट्टा दोन आणलेत. येतेस की एक परत देऊ?" ती गेली. जायचंच ठरवून गेली असं नाही. परत दे म्हणायचा कंटाळा आला होता म्हणून गेली.

निळी टोपी तोवर बाहेर रस्त्यावर पळायला लागली होती. "माझ्यासाठी अडून बसू नकोस," पळपुटी म्हणाली.

"बसत नाहीये," निळी टोपी म्हणाली. आणि खरंच बसली नाही. तिच्या या सरळपणाने पळपुटीला बरं वाटलं.

पुढच्या वर्षीच्या शर्यतीत दोघींनीही नाव दिलं नव्हतं. त्याच्या पुढच्या वर्षी दोघी एकाच रांगेत उभ्या राहिल्या. पळपुटी आता सत्तेचाळीसला टेकली होती. कपाटाच्या दारावर या वेळी कागद नव्हता. चार तासांच्या आत यावं एवढंच मनात होतं, आणि तेही कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला सोडून.

पंचविसाव्या किलोमीटरपर्यंत दोघी बरोबर होत्या. फार बोलल्या नाहीत. सव्विसाव्याला निळी टोपी म्हणाली, "मी जाते." पळपुटी म्हणाली, "जा." ती टोपी पुढे जाताना तिने बघितली, आणि पायांना काही झालं नाही. ते आपल्या चालीने पडत राहिले.

चौतिसाव्या किलोमीटरला जांघ दुखायला लागली. उजवी. तीच.

फिजिओने तिला एक परीक्षा शिकवली होती. शंका आली की थांबायचं आणि दुखऱ्या पायावर एकटं उभं राहून उड्या मारायच्या. हाड असेल तर पहिल्या उडीलाच सुरी खुपसल्यासारखं कळतं. कळलं की तिथेच संपवायचं, एक पाऊलही पुढे टाकायचं नाही. ती रस्त्याच्या कडेला गेली, दिव्याचा खांब धरला. चौतीस किलोमीटर झाले होते. अजून आठ राहिले होते. परीक्षा न घेताही जाता आलं असतं. ते तिला चांगलं जमत होतं.

तिने डावा पाय उचलला आणि उडी मारली. मग दुसरी. तिसरी. समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसलेले दोन म्हातारे बघत होते. "बाई, शर्यत तिकडे चाललीय," एकजण म्हणाला. तिने पाचवी मारली, सहावी, दहावी. दुखत होतं. पण सुरी नव्हती. सगळीकडे सारखं, बोथट, जड दुखत होतं. मांडीत, पोटरीत, तळव्यात, पाठीत. हाड नव्हतं. थकवा होता. नुसता थकवा.

तिला एकदम भरून आलं. खांबाला डोकं टेकून ती क्षणभर तशीच उभी राहिली आणि मग पुन्हा रस्त्यावर उतरली. उरलेले आठ किलोमीटर ती कशीबशी पळाली. मधे दोनदा चाललीही. कुणी "थोडंच राहिलं" म्हणालं तेव्हा तिने मान डोलावली.

तीन तास अठ्ठावन्न मिनिटं. गटात अकरावी. निळी टोपी अंतिम रेषेच्या पलीकडे फुटपाथवर बूट काढून आडवी पडली होती. तीन तास सत्तेचाळीस, सहावी. पळपुटी तिच्या शेजारी बसली. बसायला तिला दोन टप्पे लागले.

मंचावर नावं पुकारत होते. त्यांच्या गटात पहिली आली ती गेल्याच महिन्यात चाळीस पूर्ण झालेली एक बाई. ठेंगणी, गुटगुटीत, हसरी. वेळ, तीन तास बारा मिनिटं.

"बारा?" पळपुटी म्हणाली.

"बारा."

ज्या दोन मिनिटांसाठी हाडाला चीर पाडून घेतली होती, ती आता इतकी लहान झाली होती की दिसेनाशी झाली होती. मंचावरची बाई हात उंचावून उभी होती.

"हिच्या मागे पळायचं का आता?" निळ्या टोपीने विचारलं.

"मी नाही."

"मीही नाही." निळ्या टोपीने बूट पायात सरकवले. "पाऊल बघितलंस तिचं? टाच आधी टेकते. टिकायची नाही."

"गप्प बस," पळपुटी म्हणाली, आणि दोघी पोट धरून हसायला लागल्या.

नवरा गर्दीतून वाट काढत आला. त्याने आधी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मग पायाकडे. "काय आवाज येतोय?"

"सगळीकडून येतोय," ती म्हणाली. "पण हाडाचा नाही. मी बघितलं."

त्याने दोन्ही हात पुढे केले. तिसऱ्या झटक्याला ती उठली. निळ्या टोपीला त्यांनी दोघांनी मिळून उठवलं आणि तिघं गाडीकडे निघाले, इतक्या हळू की मागून येणारी माणसं बाजूने पुढे जात होती. गाडीपाशी पोचल्यावर तिने मागचं दार उघडलं, आधी दुखरा पाय आत घेतला, मग चांगला, आणि सीटवर आडवी झाली. सोमवारी आठची ड्यूटी होती. पुढच्या वर्षीचं काही ठरलं नव्हतं, आणि ठरवायची ताकदही नव्हती. नवऱ्याने गाडी चालू केली तेव्हा तिचे डोळे मिटले होते, आणि पहिल्या वळणाच्या आत ती झोपी गेली.